गाव खरं, राजा कल्पित

भिवंडी तालुक्यात भादाणे गावाच्या दानाचा एक ताम्रपट सापडला. शक 919 चा, म्हणजे इ.स. 997 चा. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अपराजित राजानं लोणाडच्या लोणादित्य नावाच्या सूर्यदेवाच्या पूजेअर्चेसाठी हे गाव दान दिलं, एवढाच त्यातला व्यवहार. आपल्या सातबाऱ्यासारखाच दस्तऐवज, तांब्यावर कोरलेला. त्यात आधी राष्ट्रकूट सम्राटांची नावं येतात. ते साम्राज्य तोवर बुडून वीसेक वर्षं झाली होती, तरी जुन्या धन्याची आठवण मांडलिकानं जपली आहे. मग अपराजिताच्या स्वतःच्या घराण्याची वंशावळ येते आणि ती सुरू होते जीमूतवाहनापासून. हा जीमूतवाहन माणूस नव्हे. तो विद्याधर. आकाशात विहरणाऱ्या, मंत्रविद्या बाळगणाऱ्या अर्धदेवांचा राजपुत्र.

त्याची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. गरुडाला रोज एक नाग बळी द्यायचा, असा करार झालेला. एके दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी येते. त्याची आई आक्रोश करते आहे. तो आक्रोश जीमूतवाहनाच्या कानी पडतो आणि तो शंखचूडाच्या जागी स्वतः वध्यशिलेवर जाऊन बसतो. गरुड त्याला नाग समजून फाडू लागतो. शिलेवरचा आहार झालेल्या या राजपुत्राचे आम्ही वंशज, म्हणून आम्ही ‘शिलाहार’, असं हे घराणं सांगे. निशाणावर त्यांनी सोनेरी गरुड घेतला. आपल्या पूर्वजाला ज्यानं फाडलं, तोच ध्वजावर! असा वंश सांगणाऱ्या राजांच्या मनात केवढं मोठं कथेचं दालन असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

ज्या मुलखात जमिनीच्या दस्तऐवजातही विद्याधराची गोष्ट येते, त्या मुलखात हे पुस्तक लिहिलं गेलं आहे. जुना काळ, जादू, रहस्य आणि प्रेम यांची एकत्र गुंफण असलेल्या कथा-कादंबऱ्यांची ओळख करून देणं हा त्याचा हेतू. अशा लेखनाला मराठीत ‘अद्भुतरम्य’ म्हणतात. हा शब्द बहुधा कादंबरी बाजूला ठेवताना वापरला जातो. मला तो कौतुकानं वापरायचा आहे. आणि या पुस्तकाचा नायक एखादा राजपुत्र नसून एक लेखक आहे. त्याचं नाव सोड्ढल.

आमच्या भिवंडीत सोड्ढलाचं नाव घेतलं तर दहांतल्या नऊ जणांना ते ठाऊक नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. मलाही ते तिशी उलटल्यावर कळलं. शाळेत आम्हाला शिलाहार दोन ओळींत शिकवले होते. पण अंबरनाथचं शिवमंदिर पाहिलं नाही, असा आमच्याकडे माणूस सापडणार नाही. शक 982, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख त्या मंदिरावर आहे आणि त्यात मुम्मुणी राजाचं नाव आहे. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक उत्तर कोकणच्या गादीवर बसले. भादाणे गाव दान देणाऱ्या अपराजिताचे हे नातू. ठाणं, म्हणजे त्या वेळचं ‘स्थानक’, ही त्यांची राजधानी. या तिघा भावांच्या दरबारात मान मिळवलेला लेखक म्हणजे सोड्ढल, आणि त्यानं लिहिलेला ग्रंथ म्हणजे ‘उदयसुंदरीकथा’. ज्या घराण्यानं अंबरनाथचा दगड घडवून घेतला, त्याच घराण्याच्या आश्रयानं ही कथा घडली. दगड टिकला आणि रोज हजारो लोक त्याला हात लावतात. कथेला मात्र आपण विसरलो. 1920 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत ती छापून आली नसती, तर आज तिचं नावही घेता आलं नसतं. मराठी राजाच्या राज्यात, गुजरातच्या भूमीवर, एका कोकणी दरबारातलं संस्कृत पुस्तक नऊशे वर्षांनी छापलं गेलं, ही हकिगतसुद्धा एखाद्या अद्भुत कादंबरीला शोभेल अशीच आहे.

सोड्ढल मूळचा लाट देशाचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा. जातीनं वालभ कायस्थ. कथेच्या सुरुवातीला तो आपलं कुळ, आपलं शिक्षण, आपले मित्र यांच्याविषयी मोकळेपणानं सांगतो. मित्रांत जैन पंडित आहेत, श्वेतांबर आणि दिगंबरही. कथा गद्य आणि पद्य मिसळून लिहिलेली आहे. या प्रकाराला ‘चंपू’ म्हणतात. बाणभट्ट हा त्याचा आदर्श आणि ते तो लपवत नाही.

आता कथेकडे. प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आपल्या पैठणात, मलयवाहन नावाचा राजा आहे. त्याच्याकडे एक विलक्षण पोपट येतो. नाव चित्रशिख. तो पंडितासारखा बोलतो, आणि पुढे उलगडतं की तो मुळात पोपट नाहीच, पक्ष्याच्या देहात अडकलेला तरुण आहे. एका मुलीचं चित्र राजाच्या हाती येतं. चित्रातल्या मुलीवर त्याचं मन जडतं. ही कोण, कुठली, जिवंत आहे की चित्रकाराच्या मनातली? ती पाताळातल्या नागराजाची मुलगी उदयसुंदरी, आणि ती नाहीशी झाली आहे. तिची जिवलग मैत्रीण तारावली तिच्या शोधात रानोमाळ हिंडते आहे. मध्ये मायाबल नावाचा राक्षस आहे. गोष्टीत गोष्ट, तिच्या पोटात आणखी एक गोष्ट, आणि प्रत्येक नवं पात्र आधीच्या कोड्याचा एकेक धागा हातात घेऊन येतं. शेवट मी इथे सांगत नाही. तो पुढच्या प्रकरणांत त्याच्या जागी येईल.

मला थांबायचं आहे ते ‘प्रतिष्ठान’ या शब्दापाशी. पैठण खरं आहे. गोदावरी खरी आहे. ज्या राजांच्या आश्रयाला राहून सोड्ढल लिहितो, ते तिघे भाऊ खरे आहेत आणि त्यांचे ताम्रपट आपल्यापुढे आहेत. लेखक स्वतः आपल्या घरादारासकट कथेच्या उंबऱ्यावर उभा आहे. खोटा आहे तो मलयवाहन. पैठणच्या गादीवर या नावाचा राजा बसलेला इतिहासाला माहीत नाही. म्हणजे गाव खरं आणि राजा कल्पित. या एका युक्तीवर हा सगळा लेखनप्रकार उभा आहे, असं माझं मत आहे, आणि हे पुस्तक मी त्याच मतासाठी लिहिलं.

पैठणच का? कारण गोष्टींचं मूळ गाव ते. सातवाहनांच्या दरबारातला गुणाढ्य आणि त्याची ‘बृहत्कथा’ ही आपल्या सगळ्या कथांची आजी. काश्मीरच्या सोमदेवानं सोड्ढलाच्याच शतकात ‘कथासरित्सागरा’त गुणाढ्याची जी हकिगत सांगितली, ती प्रत्येक लेखकानं एकदा वाचावी अशी आहे. दरबारातल्या पैजेत गुणाढ्य हरतो. पैजेप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा त्याला सोडाव्या लागतात. लेखकाकडून भाषा काढून घेतली की उरतं काय? तो रानात जातो. तिथे पिशाचांची भाषा त्याच्या कानी पडते, ती तो शिकतो आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोकांची कथा लिहितो. शिष्य ती राजाकडे नेतात. पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरं पाहून राजा नाक मुरडतो. मग गुणाढ्य डोंगरावर अग्निकुंड पेटवतो. एक पान वाचतो आणि आगीत टाकतो, दुसरं वाचतो आणि टाकतो. रानातले प्राणी चरणं सोडून भोवती उभे राहतात, डोळ्यांत पाणी आणून ऐकतात. इकडे राजा आजारी पडतो. वैद्य म्हणतात, कोरडं मांस खाण्यात आलं. स्वयंपाकी शिकाऱ्यांकडे बोट दाखवतात. शिकारी सांगतात की रानातले प्राणी खायचे थांबले आहेत, कुणी एक ब्राह्मण त्यांना गोष्ट वाचून दाखवतो आहे. राजा धावत जातो तोवर सहा लाख श्लोक जळालेले असतात. एक लाख उरतात. ते नरवाहनदत्ताच्या विद्याधरसम्राट होण्याच्या कथेचे.

पुन्हा विद्याधर! पैठणच्या आगीतून वाचलेली गोष्ट विद्याधरांची आणि आमच्या भादाण्याच्या ताम्रपटातला मूळपुरुषही विद्याधर. सोड्ढलानं ठाण्याच्या दरबारात बसून पैठणच्या गादीवर कल्पित राजा बसवला, तेव्हा तो आपल्या आश्रयदात्यांना त्यांच्याच घराण्याच्या स्वप्नात नेत होता. ऐकणाऱ्यांना ते कळत असणार. नागकन्येवर प्रेम करणारा राजा म्हटल्यावर, नागासाठी प्राण द्यायला निघालेला जीमूतवाहन त्या सभेत कुणाला आठवला नसेल?

बाणभट्टाच्या ‘कादंबरी’विषयी इथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. सातव्या शतकातलं, हर्षाच्या काळातलं हे पुस्तक. त्यातही राजाच्या दरबारात बोलका पोपट आणला जातो, त्यातही शाप आहेत, जन्मांतरं आहेत, मरणापलीकडे वाट पाहणारं प्रेम आहे. बाण ते पुरं करू शकला नाही, त्याच्या मुलानं केलं. या पुस्तकातल्या नायिकेचं नाव आपण मराठी माणसांनी एका अख्ख्या साहित्यप्रकाराला दिलं. कानडीनंही दिलं. आज कुणी वास्तववादी लेखक दुष्काळावर, गिरणीवर, झोपडपट्टीवर लिहितो, तेव्हा मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असंच छापतो. म्हणजे मराठीत हा शब्द उच्चारला की एक गंधर्वकन्या हजर होते. ज्या भाषेत सगळ्या कादंबऱ्यांचं नावच एका अद्भुतरम्य प्रेमकथेवरून पडलं, त्या भाषेत अद्भुताला परकं मानणं मला पटत नाही.

परकं मानलं गेलं, याला कारणं आहेत, आणि ती मी नाकारत नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. या कादंबऱ्यांना वाचक भरपूर मिळाले, टीकाकारांनी मात्र त्यांना झोडपलं. आज वाचताना त्यांची एक उणीव मला जाणवते. त्यात जादू जास्त झाली, हा आक्षेप माझा नाही. त्यात गाव नाही. नगरी आहे, उपवन आहे, तळघर आहे, पण ती नगरी कुठल्या नदीवर आहे, तिथल्या बाजारात काय विकतात, पावसाळ्यात तिथले रस्ते कसे होतात, हे कळत नाही. पाय टेकायला जमीनच नसेल तर उड्डाणाला अर्थ राहत नाही. 1871 साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी ‘मोचनगड’ लिहिली आणि नेमकी ही उणीव ओळखली. त्यांनी गड कल्पित घेतला आणि काळ शिवरायांचा, खरा. आपण तिला पहिली ऐतिहासिक मराठी कादंबरी म्हणतो. सोड्ढलाचीच युक्ती, उलट्या बाजूनं केलेली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी घरातलं, माजघरातलं दुःख लिहिलं आणि मराठी कादंबरीचा रस्ता बदलला. तो बदल मोठाच होता. पण त्यानंतर अद्भुताला घरातल्या दुसऱ्या पंगतीत बसवलं गेलं. वि. का. राजवाड्यांनी 1902 मध्ये ‘कादंबरी’ नावाचा दीर्घ निबंध लिहिला, त्या काळी हा वाद किती जिवंत होता हे तो वाचताना लक्षात येतं.

दुसऱ्या पंगतीतल्या माणसांत मला सर्वांत जवळचे नाथमाधव. खरं नाव द्वारकानाथ माधव पितळे, जन्म मुंबईचा, 3 एप्रिल 1882. शिकारीचा विलक्षण नाद. सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. वय तरुण. पुढचं आयुष्य अंथरुणावर. तिथे वाचन सुरू झालं आणि मग लेखन. 1908 साली ‘प्रेमवेडा’, 1913 साली ‘वीरधवल’. शिवकाळावरची ‘स्वराज्या’ची कादंबरीमाला, ‘सावळ्या तांडेल’, ‘सोनेरी टोळी’, ‘डॉक्टर’. 21 जून 1928 ला, शेचाळिसाव्या वर्षी ते गेले. वीसच वर्षांचं लेखन, तेही पडल्यापडल्या.

‘वीरधवल’ मी अकराव्या वर्षी वाचली. भिवंडीतल्या एका जुन्या वाचनालयातून आणलेली प्रत होती. पुठ्ठ्याची बांधणी, कडांना लावलेली कापडी पट्टी, आणि पानांच्या खालच्या कोपऱ्यांना बोटांचा तपकिरी डाग, कारण प्रत्येक वाचकानं थुंकी लावून तिथूनच पान उलटलेलं. शेवटची काही पानं नव्हती. कुणी फाडली की झिजून गळाली, कोण जाणे. आमच्या गल्लीत रात्रभर यंत्रमाग चालत. तो खटका इतका ठेक्यात असतो की थोड्या वेळानं ऐकू येईनासा होतो, आणि वीज गेली की त्या शांततेनं दचकून जाग येते. त्या ठेक्यात मी ते पुस्तक वाचलं आणि शेवट नसल्यामुळे आठ-दहा दिवस स्वतःच शेवट रचत राहिलो. एक झाला की दुसरा. आज मला वाटतं, मी लिहायला लागलो तो त्या गळालेल्या पानांमुळे. नाथमाधवांच्या आयुष्याची हकिगत मला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळली. ती कळल्यावर मी ‘वीरधवल’ पुन्हा वाचायला घेतली आणि घोडदौड सुरू झाली की मला पुस्तक खाली ठेवावं लागे. ज्यांना उठून खिडकीपर्यंत जाता येत नव्हतं, त्यांनी हे लिहिलं होतं.

अशा पुस्तकांना ‘पळवाट’ म्हणतात. नाथमाधवांच्या बाबतीत हा शब्द कुणी वापरला की मला फार वाईट वाटतं. अंथरुणाला खिळलेला माणूस कुठे पळणार होता? त्यांनी जे केलं त्याला कष्ट म्हणतात.

आणखी एक गोष्ट मला ठामपणे मांडायची आहे. ज्या राजाच्या वंशातली माणसं आज आहेत, ज्याची पत्रं, बखरी, दफ्तरं शिल्लक आहेत, त्या राजाच्या तोंडी मनचे संवाद घालणं, त्याच्या आयुष्यात नसलेलं प्रेमप्रकरण घालणं, ही जोखमीची गोष्ट आहे. वाचक ते खरं धरून चालतात. मराठीत कादंबरीतल्या प्रसंगाला इतिहास समजून भांडणं झाली आहेत, होत आहेत. कल्पित राजा निर्माण करणारा लेखक हा धोका पत्करतच नाही. मलयवाहनानं चित्र पाहून प्रेम केलं म्हणून कुणा खऱ्या माणसावर अन्याय होत नाही. आणि तरीही राज्य कसं चालतं, फितुरी कशी शिरते, विश्वासू सेवक कसा असतो, सत्तेजवळ वावरणाऱ्या बाईला कोणत्या भीती असतात, हे सगळं तो सांगू शकतो. इतिहासाशी प्रामाणिक राहण्याचा हा एक मार्ग आहे, आणि तो कमी दर्जाचा नाही. यात लेखकाची जबाबदारी उलट वाढते. राजा खोटा असल्यामुळे बाकी सगळं खरं असावं लागतं. घोड्याचं खोगीर, मशालीचं तेल, गडाची चोरवाट, पंगतीतली वाढपाची रीत. तिथे चुकलात की जादूवरचा विश्वासही उडतो.

भिवंडीत राहणाऱ्याला या विषयाची दुसरी बाजू आपोआप कळते. आमच्या गावात मराठी आणि उर्दू भिंतीला भिंत लावून राहतात. 1857 नंतरच्या काळात उत्तरेकडून विणकर कुटुंबं इकडे येत गेली आणि त्यांच्या हातमागांबरोबर त्यांच्या गोष्टीही आल्या. अमीर हमजाची दास्तान, तिच्यातलं ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही दास्तान जाडजूड खंडांत छापली. ‘तिलिस्म’ म्हणजे जादूनं बांधलेली नगरी, आणि ती फोडणारे वेषांतरपटू हेर ते ‘ऐयार’. देवकीनंदन खत्रींनी 1888 मध्ये हिंदीत ‘चंद्रकांता’ लिहिली ती याच मुशीतून. 1994 पासून दूरदर्शनवर रविवारी सकाळी तिच्यावरची मालिका लागायची, तेव्हा आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. कुणाला शब्द कळत, कुणाला नुसती कथा, पण ऐयारानं रूप बदललं की ओरडणं सगळ्यांचं एकच. शेजारचे एक वृद्ध कारागीर, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो, मालिका संपली की मूळ दास्तानीत यापेक्षा मोठी ऐयारी कशी आहे ते सांगू लागत. अमर ऐयारच्या झोळीचं वर्णन ते करायचे. सगळं जग मावेल अशी ती झोळी. हे सांगताना त्यांचे हात, मागावर तुटलेला धागा जोडतात तसे, हवेत बारीक बारीक हलायचे.

दिल्लीचे शेवटचे थोर दास्तानगो, म्हणजे दास्तान सांगणारे, मीर बाकर अली 1928 साली वारले. नाथमाधव गेले तेही त्याच वर्षी. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. माझ्यासाठी मात्र ते एकाच गल्लीतले आहेत, कारण मी दोघांची मिरास एकाच गल्लीत ऐकली. विद्याधर आणि ऐयार यांचं नातं काय, या प्रश्नाला या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. दोघेही रूप बदलतात. विद्याधराला विद्या वरदानानं मिळते, ऐयाराला ती तालमीनं कमवावी लागते. कारागिरांच्या वस्तीत ऐयार अधिक लाडका का असावा, हे मला तेव्हापासून समजतं.

मराठीतल्या या अद्भुतरम्य परंपरेत पुढे शशी भागवतांनी ‘मर्मभेद’, ‘रत्नप्रतिमा’ आणि ‘रक्तरेखा’ लिहून ती ज्योत तेवत ठेवली. त्यांच्या वाचकांना ही पुस्तकं कुणी सुचवावी लागली नाहीत. ती एकानं दुसऱ्याच्या हाती दिली. त्यांच्याविषयी मी पुढे सविस्तर लिहिलं आहे, म्हणून इथे नाव घेऊन थांबतो.

गाव खरं असलं पाहिजे, असं मी म्हणतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचा तालुका असतो. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी घ्या. देवीनं दैत्यांना मारलं, त्यांचं रक्त जमिनीतून अजून ऊन ऊन वाहतं, म्हणून अकलोली-गणेशपुरीची कुंडं गरम, असं माझी आजी सांगायची आणि आमचे पाय त्या पाण्यात बुडवायची. त्याच देवीला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तर तुझं देऊळ बांधीन, असा नवस केला. 1739 मध्ये वसई पडली आणि देऊळ उभं राहिलं. तारीख खरी, तोफा खऱ्या, देऊळ खरं आणि पाण्याखाली दैत्याचं रक्त. आजीनं कधी दोन्ही गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या नाहीत. तिच्या लेखी पाणी गरम होतं, एवढा पुरावा पुरेसा होता.

किंवा लोणाड घ्या. लोणाडजवळच्या चौधरपाड्याला आणखी एक शिलाहार लेख मिळाला. शक 1161, माघ वद्य चतुर्दशी. महाशिवरात्र. इसवी सन 1240 च्या सुरुवातीची. केशिदेव राजानं त्या दिवशी ब्रह्मपुरी नावाची वाडी दान दिली, आणि दान घेणाऱ्याचं नाव आहे कवी सोमन. कवीला जमीन मिळाल्याचा शिलालेख आमच्या तालुक्यात आहे! त्यानं काय लिहिलं, त्यातली एक ओळही उरलेली नाही. शेताची चतुःसीमा उरली. शिलाहारांच्या अशा दानशिळांवर वर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, जोवर ते आहेत तोवर हे दान चालावं म्हणून. मध्ये लेख असतो. आणि खाली, ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावी अशी, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी चित्रात कोरलेली असते. लोक त्या शिळांना ‘गधेगळ’ म्हणतात. मी अशा शिळेसमोर प्रथम उभा राहिलो तेव्हा ऊन उतरलं होतं. तिरप्या उजेडात अक्षरं वर आली होती, दुपारी ती दिसतच नाहीत. एका बाजूला शेवाळ, पायथ्याशी कुणी वाहिलेलं शेंदराचं बोट आणि दोन सुकलेली झेंडूची फुलं. ज्यानं फुलं वाहिली त्याला लेखातला राजा ठाऊक नसणार. शिळेत काहीतरी आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. चंद्र, सूर्य, राजा, शाप आणि मध्ये एका शेताची हद्द. कादंबरीला याहून जास्त काय लागतं?

प्रेमाविषयी मात्र एक गोष्ट सांगायला हवी, कारण आजचा वाचक तिथे अडखळेल. चित्र पाहून प्रेम जडणं आपल्याला उथळ वाटतं. पण ‘उदयसुंदरीकथे’तलं प्रेम फक्त राजाचं नाही. तारावली हरवलेल्या मैत्रिणीला शोधत फिरते. मला त्या कथेतलं सर्वांत खरं प्रेम तिचं वाटतं. राजाकडे सैन्य आहे, तलवार आहे. तिच्याकडे फक्त आठवण आहे. हजार वर्षांपूर्वीच्या लेखकानं दोन मुलींच्या मैत्रीला कथेचा कणा केलं, इकडे टीकाकारांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. या पुस्तकात मी तारावलीला थोडी जास्त जागा दिली आहे. संस्कृतच्या जाणकारांना ती जास्त वाटली तर त्यांनी मला क्षमा करावी. मी ती जागा कमी करणार नाही.

या पुस्तकात ‘उदयसुंदरीकथा’ मराठीत सांगताना संस्कृतातली लांबलचक वर्णनं मी बरीच गाळली आहेत. सोड्ढल एका नगरीचं वर्णन करताना पानंच्या पानं घेतो. ती त्याच्या श्रोत्यांना हवी होती. जिथे वर्णनात कोकण दिसतं, समुद्राचा वास येतो, तिथे मी हात आखडता घेतलेला नाही. नावं बदललेली नाहीत. पैठणला मी काही ठिकाणी पैठणच म्हटलं आहे, कारण ‘प्रतिष्ठान’ म्हटलं की वाचकाला ते दूर कुठेतरी वाटतं, आणि पैठण म्हटलं की एसटी दिसते, एकनाथांचं देऊळ दिसतं, पैठणीचा काठ दिसतो. त्या ओळखीच्या गावात राजानं चित्र हातात घ्यावं, अशी माझी इच्छा आहे.

ही कथा वाचायला फार वेळ काढावा लागत नाही. रात्री जेवणं झाल्यावर एकानं मोठ्यानं वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, हे उत्तम. चंपू ऐकण्यासाठीच असे. मुलांना मध्येच झोप लागली तरी हरकत नाही, पोपटाची गोष्ट दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून विचारतील. पहिल्या प्रकरणात सोड्ढल आपलं कुळ सांगून संपवतो, तीन भावांची नावं घेतो, आधीच्या कवींना नमस्कार करतो. मग पैठणचा दरबार भरतो. मलयवाहन गादीवर बसला आहे. पोपटाला आत आणलं आहे. सगळे त्याच्याकडे पाहत आहेत, आणि तो अजून बोललेला नाही.